कुष्ठरोग रविवारासाठी पेशंट हवा

आमच्या घरात पत्रकं फडताळात असत, ट्रंकेत असत, हलणाऱ्या टेबलाच्या पायाखालीही असत. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर ते समाज सुधारायला घेत. दारूवर त्यांचं पत्रक होतं, हुंड्यावर होतं, जंतांवर होतं. आंतरजातीय विवाहावर तर दोन होती. शिरूरच्या आठवडे बाजारात ते मेथीच्या जुड्यांशेजारी उभे राहून ती वाटत. लोक आदराने घेत आणि त्यात शेंगदाणे बांधून नेत. "शेंगदाणे संपले की वाचतील," असं वडील म्हणत. बाराखडी आल्यावर मी पहिल्यांदा वाचलं ते जंतांचं पत्रक. अजूनही माझं कुठल्याही गोष्टीवरचं मत तयार होतं ते थेट छापायच्या तयारीत, खाली 'तेव्हा बंधुभगिनींनो' असं लिहूनच.

या सगळ्यांत आमच्या मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचं, लाडकं पत्रक होतं कुष्ठरोगाचं. वर एकमेकांत गुंफलेले दोन हात, खाली 'त्यांना जवळ करा'. आमचं गाव शिरूरच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, कारण मंडळी लहान आहे आणि ज्याला त्याला आपला उल्लेख लगेच सापडेल. एके काळी तिथे मिशनचा दवाखाना होता. कुष्ठरोग्यांची सेवा झाली, खरोखर झाली, आणि ज्यांनी ती केली त्यांच्याबद्दल मी एक वाकडा शब्द लिहिणार नाही. पण ती माणसं गेली, दवाखान्याच्या जागी खतांचं गोडाऊन आलं आणि आमच्याकडे उरला तो सेवेचा अभिमान. दर जानेवारीत आमच्याकडे कुष्ठरोग रविवार पाळतात. गाणं होतं, निबंधवाचन होतं, दान गोळा होतं. अडचण एकच. पेशंट नसतो.

शेवटचा पेशंट मी शाळेत होते तेव्हाचा. गोळ्या पूर्ण घेऊन तो बरा झाला आणि शिक्रापूरला जागा घेऊन त्याने कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. सुरुवातीची काही वर्षं तो त्या रविवारी यायचा, पुढच्या खुर्चीत बसायचा आणि सगळे त्याला मिठी मारायचे. मग एका वर्षी त्याने निरोप पाठवला की बोअरची मोटर जळाली आहे, भाडेकरू बोंब मारतायत, येता येणार नाही. पुढच्या वर्षीही मोटर जळाली. भगिनी मंडळाच्या अध्यक्षीण, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणतं, त्या तेव्हा सुस्कारा टाकून म्हणाल्या होत्या, "बरी झाली की माणसं विसरतात."

मला सोरायसिस झाला कॉलेजात असताना. कोपरं, गुडघे, केसांची कड. लाल चट्टा आणि त्यावर चंदेरी खवले. शरीराची प्रतिकारशक्ती उगाच चेव आल्यासारखी वागते आणि कातडी गरजेपेक्षा भराभर तयार होत राहते, एवढंच ते प्रकरण. हात लावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. पुढे लग्न झालं ते दौंडला. नवरा रेल्वेत आहे. त्याचं घर दौंडजवळच्या एका वस्तीवर, धनगराचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आहे. मंडळीत कुजबुज झाली, पण त्या विषयावर वडिलांचीच दोन पत्रकं असल्यामुळे कोणालाच विरोध करता येईना. पत्रकांचा मला झालेला तो पहिला रोख फायदा.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं कोपर उलटंसुलटं करून बघितलं.

"खाजतंय का?"

"खाजतं."

"मंग खाजव. पर रगत काढू नगं."

विषय संपला. हे उष्णतेनं होतं असं त्यांचं ठाम मत होतं. मी प्रतिकारशक्तीबद्दल सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सब्जा भिजवून माझ्यापुढे ठेवला.

दौंडच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी लग्न झालं तेव्हाच बजावलं होतं की मूल हवं असेल तर ठरवायच्या आधी येऊन सांगा, दिवस गेल्यावर नाही. मी घेत असलेल्या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक होत्या. त्या बंद केल्या, सांगितले तितके महिने थांबलो आणि मगच पुढे गेलो. गरोदरपणात फक्त सौम्य मलम आणि अंग कोरडं पडू न देणं. बाळाला हे होईल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कल येऊ शकतो, आजार येईलच असं नाही. आणि आईच्या अंगाला लागून तर नाहीच नाही. आजार जोरात असेल तर कधीकधी बाळ थोडं लवकर येतं, वजनाला कमी भरतं, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, बाळंतपणानंतर हे उसळण्याची शक्यता असते. तेव्हा घाबरून भलतंसलतं करायचं नाही."

पाचव्या महिन्यात माझे चट्टे जवळजवळ मावळले. पोटुशीपणात पुष्कळ बायकांना असा आराम पडतो, सगळ्यांना पडत नाही. पण श्रेय घ्यायला रांग लागली. आत्याबाई म्हणाल्या, सब्जा. शेजारीण म्हणाली, मुलगा आहे, त्याचं तेज. आईने फोनवर सांगितलं की भगिनी मंडळ दर बुधवारी माझ्यासाठी प्रार्थना करतंय.

सातव्या महिन्यात मी माहेरी आले आणि डोहाळजेवण झालं. आमच्यात ओटीऐवजी फळं असतात आणि मंत्रांऐवजी प्रार्थना, पण हिरव्या बांगड्या काढून टाकणं कुठल्याही मडमेला जमलेलं नाही. कासारीण आली. बांगड्या चढवताना तिने माझी बाही वर सरकवली आणि कोपरावर चिकटून राहिलेला तेवढा एक चट्टा अख्ख्या भगिनी मंडळासमोर उघडा पडला.

मोठ्या बाई उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

"बाळा," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं एकटीने सोसलंस?"

"बाई, सोरायसिस आहे तो."

"नाव काही का असेना. आम्ही तुला टाकणार नाही."

"टाकायचा प्रश्न कुठे येतो? हा वेगळा आजार आहे."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," मागून कोणीतरी म्हणालं, अगदी मायेने.

मोठ्या बाईंनी मला मिठी मारली. माझं कोपर आणि त्यांची साडी यांच्यामध्ये त्यांनी आपला हातरुमाल धरला होता. मग एकेक करून सगळ्या आल्या. मिठी कशी मारायची हे पत्रकात लिहिलेलं नसल्यामुळे प्रत्येकीची पद्धत निराळी होती. कोणी खांद्याला खांदा लावला, कोणी पाठीवर दोन बोटं टेकवली, एकीने हवेतच हात गोल केले. दाराशी सॅनिटायझरची बाटली एका पर्समधून निघून दुसरीत गेली. कासारीण मात्र खाली बसून माझ्या मनगटावर बांगड्या भरत राहिली. तिला आमच्या मंडळीच्या इतिहासाची काही कल्पना नव्हती.

त्या दिवसापासून माझ्यावर प्रेम सुरू झालं. दर दोन दिवसांनी कोणीतरी सूप घेऊन येई. मोठ्या बाईंनी माझ्यासाठी निळ्या फुलांचा एक सुंदर कप भेट दिला आणि तो फक्त माझाच असावा असं आईला सांगितलं. जानेवारीतल्या रविवारासाठी फ्लेक्स करायचा ठरला. त्यावर मिठीचा फोटो टाकायचा होता. फोटोत रुमाल दिसत होता, तो छापखान्यातला मुलगा पुसून देणार होता.

वडील मोठ्या बाईंच्या घरी जाऊन स्पष्ट बोलून आले. परत आले तेव्हा चेहरा पडलेला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मास्तर, तुम्हीच लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात: 'घरचे लोक लाजेने रोग लपवतात, सुज्ञांनी तो ओळखावा.' वडिलांनी नाही म्हटलं की लाज सिद्ध होत होती आणि मी नाही म्हटलं की रोग.

माझी खरी पंचाईत आणखी वेगळी होती. 'मला कुष्ठरोग नाही' असं ओरडून सांगणं सोपं होतं. पण ते ओरडायचं म्हणजे काय कबूल करायचं? की असता, तर तुम्ही करताय ते योग्य होतं. तो आजार गोळ्यांनी बरा होतो, उपचार सुरू झाला की तो पसरत नाही, त्या आईनेही आपल्या बाळाला पाजावं असंच आजचे डॉक्टर सांगतात. शिक्रापूरच्या त्या माणसाच्या जिवावर मी स्वतःला सोडवून घ्यायची? ते मला पटेना. मी भगिनी मंडळाला दोन्ही गोष्टी समजावून सांगायला लागले, की हा तो आजार नाही, आणि असता तरी हे चूक आहे. दोन मुद्दे एकदम सांगितले की लोक आपल्या सोयीचा अर्धा उचलतात. त्यांनी 'असता तरी' उचलला. मोठ्या बाई म्हणाल्या, "बघा, हळूहळू कबूल करतेय."

मुलगी झाली. शिरूरच्या दवाखान्यात, दिवस भरायच्या थोडं आधी, वजनाला थोडी कमी. बाळाच्या डॉक्टरांनी तिला माझ्या छातीवर ठेवलं आणि सांगितलं, "हिला दुसरं काही औषध नको. आईचं दूध आणि आईची ऊब. जितकी जवळ ठेवाल तितकी भरेल." इतकं साधं होतं. माझ्याजवळ राहिली तर ती भरणार होती.

पहिल्या आठवड्यात तिची कातडी सोलवटून निघाली. बहुतेक नवजात बाळांची निघते, पाण्यातून हवेत आल्यावर निघणारच. भगिनी मंडळ पाळण्याभोवती उभं राहिलं. "उतरलं," एकजण पुटपुटली. बाळाच्या डॉक्टरांना विचारलं तर ते वैतागून म्हणाले, "तुमचीही निघाली होती, तुम्हाला आठवत नाही इतकंच." आठवड्याभरात ती नितळ झाली. त्याबद्दल कोणी काही पुटपुटलं नाही.

आणि मग, सांगितल्याप्रमाणे, माझं उसळलं. कोपरं, मांड्या, पाठ, छातीखाली एक पट्टा. दौंडच्या डॉक्टरांनी फोनवर मलम सांगितलं: पाजून झाल्यावर लावायचं, पुन्हा घ्यायच्या आधी नीट पुसून टाकायचं, बाळाच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही. पुसायचं, पाजायचं, लावायचं. माझा दिवस त्यात जाई. खाज होती, झोप नव्हती, आरशात बघावंसं वाटत नव्हतं. पण पोरगी भरत होती.

रविवार जवळ आला होता तेव्हा एका दुपारी, वडील घरी नसताना, मोठ्या बाई आल्या. बरोबर दोघीजणी. पिशवीतून त्यांनी दुधाची बाटली काढली, पावडरचा डबा काढला आणि पिवळं लोकरीचं स्वेटर काढलं. सगळं माझ्या खाटेवर मांडून ठेवलं.

"थोडेच दिवस," त्या म्हणाल्या. "तुझे चट्टे जाईपर्यंत बाळ माझ्याकडे राहील. पूर्वी असंच करायचे. आजाऱ्यांची मुलं वेगळी वाढवायचे, कित्येक मुलं वाचली त्याने. मास्तरांच्या पत्रकातही आहे."

तेही होतं. शेवटच्या परिच्छेदात: 'आजारी आईचं बाळ निरोगी हातांत वाढू द्यावं.' वडिलांनी ते कुठल्यातरी त्याहून जुन्या पत्रकातून उतरवलं होतं, त्या पत्रकाने आणखी कशातून तरी.

मी दौंडच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्यांनी सगळं सांगितलं: पसरत नाही, दुधातून जात नाही, कमी वजनाच्या बाळाला आईपासून तोडणं हाच धोका. मोठ्या बाईंनी मान डोलावत ऐकलं, जसं वर्गात एखाद्या मुलीचं पाठांतर ऐकावं. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "फार चांगल्या डॉक्टर आहेत. पेशंटच्या मनाला लागू नये म्हणून किती जपून बोलतात."

मी आईकडे पाहिलं. आई बाटलीकडे बघत होती.

"बाई एवढं म्हणतायत," ती हळूच म्हणाली, "तर थोडे दिवस... तुलाही झोप मिळेल."

त्या क्षणी मी खरी घाबरले. मोठ्या बाईंशी भांडायला माझ्याकडे मुद्दे होते. आईशी भांडायला काही नव्हतं. या घरात बाळाला पाळण्यातून कोण उचलणार हे आईच ठरवत होती. मी पोरीला उराशी धरलं आणि नको म्हटलं. मोठ्या बाई मायेने हसल्या. "आईला कठीण जातं. आम्हाला माहीत आहे." त्यांनी हात पुढे केले.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. नवरा आणि आत्याबाई. ते दौंडहून सकाळीच निघाले होते, पण न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकून पडले. आत्याबाईंच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. त्यांनी डबा खाली ठेवला, बाळाकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

"ह्ये कुणाचं?"

मोठ्या बाईंनी शुद्ध मराठीत सगळी योजना सांगितली. आत्याबाईंनी पदर खोचत ऐकली.

"म्हंजी पोरगी तुमच्या घरी ऱ्हानार?"

"फक्त काही दिवस."

"आन् आय हितं?"

"दोघींच्या भल्यासाठी, ताई."

मी वाट बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना किती समजावलं होतं. त्यातलं एखादं वाक्य आता बाहेर येईल, प्रतिकारशक्ती नाही तर निदान सब्जा तरी, अशी मला आशा होती.

आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्याची नात हाय ती. बापाच्या घरचं मानूस दुसऱ्याच्या दारात वाढत न्हाई. आमच्यात न्हाई तसलं."

खोलीतली हवाच बदलली. मोठ्या बाईंचे पुढे आलेले हात आपोआप मागे गेले.

"अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सासरच्यांचा हक्क आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, चुकलंच आमचं."

माफी आत्याबाईंची मागितली. माझी नाही. बाटली, डबा, स्वेटर पुन्हा पिशवीत गेलं. दौंडच्या डॉक्टर, शिरूरचे डॉक्टर, वडील आणि मी यांनी इतके दिवस जे सांगून पाहिलं ते एका भिंतीला सांगितल्यासारखं झालं होतं, आणि ती भिंत एका वाक्याने बाजूला सरकली.

आता त्या वाक्याबद्दल. कॉलेजात असताना मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक नेमकं त्याच्याविरुद्ध होतं. 'मूल ही बापाच्या घराण्याची मालमत्ता नव्हे', ठळक अक्षरांत. त्याच्या उरलेल्या प्रती मी पडले होते त्या खाटेखालच्या ट्रंकेत होत्या. मला उठून एक एक प्रत दोन्ही बाजूंना वाटायला हवी होती. माझ्या कुशीत पोरगी चुळबुळ करत होती. मी तोंड उघडलं नाही. इतकी गप्प मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

मोठ्या बाई आणि बरोबरच्या दोघी गेल्यावर आईने चहा केला. सगळ्यांना साध्या कपांत दिला, मलाही. निळ्या फुलांच्या कपात स्वतःला ओतून घेतला आणि खाटेच्या कडेला, माझ्या पायांशी टेकून बसून प्याली. मग म्हणाली, "मी दिली नसती."

"दिली असतीस, आई."

"हं," ती म्हणाली, आणि माझ्या पायावरची चादर सारखी करत राहिली.

रविवारचं मला नंतर कळलं. फ्लेक्स लागला होता, रुमाल छान पुसला गेला होता, पुढची खुर्ची रिकामी होती. शिक्रापूरला पुन्हा बोअरची मोटर जळाली. पण माझ्या लक्षात राहिली ती त्या चहानंतरची संध्याकाळ.

वडिलांनी ट्रंक ओढून कुष्ठरोगाची पत्रकं बाहेर काढली आणि जमिनीवर बसून एकेका प्रतीतलं शेवटच्या परिच्छेदातलं ते वाक्य पेनने खोडायला घेतलं. आत्याबाई लाडू मोडून माझ्या पुढ्यात ठेवत होत्या.

"काय खोडताय, गुरुजी?"

वडिलांनी वाक्य वाचून दाखवलं.

"बरं करताय. मंग त्याच्या जागी लिवा की, नात बापाच्या घरची असती. त्यानंच काम झालं न्हवं?"

वडिलांचं पेन थांबलं. ते प्रामाणिक माणूस आहेत. ज्याने काम झालं ते वाचकांपासून लपवायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय लिहू?"

"लिहा, बाळ आईजवळ राहील."

"कारण?"

"कारण नको. ती त्याची आई आहे."

वडिलांनी समासात तेवढंच लिहिलं. आत्याबाईंना ते फारच लेचंपेचं वाटलं असावं. "असल्या लिव्हन्याला कोन भ्यातंय," त्या म्हणाल्या. पोरगी रडायला लागली तशी त्यांनी तिला पाळण्यातून उचलून माझ्याकडे दिली. "लिवू द्या त्यांना काय लिवायचं त्ये. तू मलम पूस आन् पाज आधी."

मी मलम पुसलं आणि तिला घेतलं.